बांगड्याचा अभ्यास बंदरावर मराठीत पोहोचावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली तीन वर्षे मी रत्नागिरीत राहून बांगड्याच्या प्रजननावर पीएच.डी.चे संशोधन करीत आहे. आठवड्यातून एकदा पहाटे मिरकरवाडा बंदरावर जायचे, लिलाव सुरू होण्याआधी टोपल्यांतून लहान-मोठे सर्व आकारांचे बांगडे घ्यायचे, मोजपट्टीवर त्यांची लांबी घेऊन ते बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत आणायचे आणि प्रत्येकाचे पोट उघडून गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, कितपत भरली आहे ते वहीत नोंदवायचे, असा माझा क्रम असतो. मासे मी विकत घेते; पण शिकणाऱ्या मुलीकडून काय पैसे घ्यायचे असे म्हणत मासळी विकणाऱ्या मावशींनी वाट्यात चार बांगडे जास्तीचे टाकले नाहीत, असा आठवडा विरळाच. जाळे किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात टाकले होते, हे खलाशी रात्रभराच्या जागरणानंतरही थांबून सांगतात.

गेल्या मार्चमध्ये एका वयस्कर तांडेलांनी, म्हणजे नौकेच्या प्रमुखांनी, मला विचारले, "काय गो बाय, एवढे बांगडे फाडलेस, त्यातून निघाले काय?" मी म्हणाले, "काका, अजून काम चालू आहे." खरे तर तोवर बरेच काही हाती आले होते, परंतु ते सारे इंग्रजीत लिहिलेले होते आणि त्यांना कळेल अशा मराठीत एक वाक्यही मला जुळवता येईना. त्या दिवशी वाटलेली शरम अजून गेलेली नाही आणि तीच या पत्रामागे आहे.

राज्य सरकारने २०२३ मध्ये सागरी माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिला. असा आकार ठरवण्याचा मुख्य आधार आमच्यासारख्यांची ही मोजमापे असतात. एकाच जातीचे शेकडो मासे लांबीनुसार वेगळे करून प्रत्येक गटात किती मासे प्रजननक्षम झाले आहेत ते पाहतात आणि ज्या लांबीला निम्मे मासे पहिल्यांदा त्या अवस्थेला पोहोचलेले दिसतात ती लांबी महत्त्वाची मानतात, कारण त्याहून लहान असताना जाळ्यात आलेल्या बहुतेक माशांनी आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात. हे कारण सांगितले तर कोणत्याही मच्छीमाराला पटेल. पिले संपली तर पुढच्या हंगामात जाळे रिकामे येणार, हे त्याला आमच्यापेक्षा अधिक कळते. परंतु त्याच्यापर्यंत पोहोचतो तो केवळ सेंटिमीटरचा आकडा आणि दंडाची भीती. बंदरावर मी ज्यांच्याशी बोलले, त्यांतील बहुतेकांना हा आकडा कोणी तरी मुंबईत बसून ठरवला असे वाटत होते, आणि त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बंदी आवश्यकच आहे, कारण अनेक माशांचा अंडी घालण्याचा काळ याच सुमारास येतो. पण त्यामुळे माझ्या तक्त्यातील नेमके हेच दोन महिने जवळजवळ कोरे राहिले आहेत. त्या दिवसांबद्दल मला जे थोडेफार समजले, ते बिगरयांत्रिक होडीवाल्यांनी आणि वर्षानुवर्षे मासळी साफ करणाऱ्या बायकांनी सांगितले. गाभोळी कधी घट्ट असते आणि कधी बोट लावताच फुटते, हे त्या न पाहता सांगू शकतात. वर्गात पुस्तकातून 'नीप टाइड', म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणारी कमी चढउताराची भरती-ओहोटी, शिकले तेव्हा तो 'भांग' हा शब्द आहे, जो आजीच्या तोंडी मी लहानपणापासून ऐकत आले, हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

आपल्या किनाऱ्यावर अभ्यासाची परंपरा लहान नाही. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे, आणि शेजारी गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून. एवढ्या वर्षांच्या श्रमाचा उपयोग जाळे टाकणाऱ्या माणसाला थेट व्हावा, म्हणून माझी विद्यापीठांना विनंती आहे की, कोकण किनाऱ्यावरील कोणत्याही सागरी विषयाचा प्रबंध स्वीकारताना त्यासोबत चार पानांचा मराठी सारांश बंधनकारक करावा आणि तो जिथून नमुने घेतले त्या गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेला पाठवावा. जमल्यास विद्यार्थ्याने तो तिथे स्वतः वाचून दाखवावा. त्यासाठी जुलै महिना योग्य. नौका किनाऱ्याला ओढलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चालू असते आणि नारळी पौर्णिमेची तयारी व्हायची असते, त्यामुळे माणसे भेटतात आणि त्यांना बोलायला सवड असते.

यात विद्यार्थ्याचा वेळ जातो, ही तक्रार मी आधीच ऐकली आहे. माझी चार पाने लिहायला तीन आठवडे लागले. मात्र इंग्रजीत सहज लिहून टाकलेली दोन वाक्ये मराठीत मांडताना मला स्वतःलाच नीट कळली नव्हती, हे उघड झाले, आणि प्रबंधातील ते प्रकरण मी पुन्हा लिहिले.

ती पाने आता तयार आहेत. तांडेलकाकांनी बंदी सुरू झाल्यावर जेट्टीवर यायला सांगितले आहे. आपल्या वृत्तपत्राने अशा सारांशांसाठी महिन्यातून एकदा थोडी जागा दिली, तर पहिला मजकूर मी पाठवीन.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी, रत्नागिरी