चर्चच्या केसपेपरवर काय लिहिलंय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सारा मलाली कँटरबरीच्या १०६व्या आणि पहिल्या स्त्री आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू, म्हणून जाहीर झाल्या, तेव्हापासून आपल्या अंकात त्यांच्याविषयी जे जे आलं त्याची कात्रणं मी जपून ठेवली आहेत. कारण साधं आहे. त्या आधी नर्स होत्या, आणि मीही. मी ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात काढली, शेवटची काही परिसेविका, म्हणजे वॉर्डची मुख्य सिस्टर म्हणून. १९९९ साली वयाच्या ३७व्या वर्षी त्या इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी झाल्या, तेव्हा मी रात्रपाळीत सलाइनच्या बाटल्या मोजत होते. ते असो.

तक्रार अशी की, या सगळ्या बातम्यांचा सूर एकच. बाई गादीवर बसल्या, आफ्रिकेतले बिशप चिडले, चर्च फुटलं. गोष्ट इतकी सरळ नाही. आफ्रिकेतली पहिली स्त्री अँग्लिकन बिशप २०१२ सालीच स्वाझीलंडमध्ये झाली. इंग्लंडला आपली पहिली स्त्री बिशप मिळायला २०१५ साल उजाडलं. केनियात २०२१पासून एक बाई बुटेरे डायोसिस (बिशपचा धर्मप्रांत) सांभाळताहेत. रवांडाचे आर्चबिशप लॉरां म्बांडा यांच्या गॅफकॉन या सनातनी अँग्लिकनांच्या गटाने स्त्री बिशपच्या मुद्द्यावर आक्षेप घेतला, हे खरं. पण दुखणं त्याहून जुनं आहे आणि ते समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्यावरून आहे. १९९८च्या लॅम्बेथ परिषदेत, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेत, समलिंगी संबंध बायबलशी विसंगत असल्याचा ठराव झाला, २००३ साली अमेरिकेत उघडपणे समलिंगी असलेले जीन रॉबिन्सन बिशप झाले, २०२३मध्ये इंग्लंडच्या सिनडने (चर्चच्या धर्मसभेने) आशीर्वादाच्या प्रार्थनांना वाट करून दिली. दर वेळी शिवण थोडी थोडी उसवत गेली. मलाली यांच्या नेमणुकीनंतर दोन आठवड्यांत, १६ ऑक्टोबर २०२५ रोजी, गॅफकॉनने कँटरबरीशी असलेली व्यवस्थाच नाकारली. बैठकांना जायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, खरी अँग्लिकन मंडळी आम्हीच. आता रविवारी बाकावर प्रत्यक्ष बसणारे बहुसंख्य अँग्लिकन आफ्रिकेत आहेत, तेव्हा हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आणि अँग्लिकनांना पोप नाही. कँटरबरीचा आर्चबिशप म्हणजे समान मानाच्या मंडळींत पहिल्या खुर्चीवरचा माणूस. त्याने बोलावलं तर लोक येतात, नाही आले तर त्याच्या हातात काही नाही. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या काकांसारखं.

स्त्रीने काय करावं आणि काय करू नये, हे सांगायची या चर्चची खोड मात्र जुनी, आणि तिचा चटका एका मराठी बाईनेही सोसलाय. पंडिता रमाबाई १८८३ साली वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊन पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. तिथे त्यांनी तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात असं निघालं, तर लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवायचं म्हणजे काय! रमाबाईंनी उलट पत्र लिहिलं. माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवलं, त्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्यानेही नाही, आणि हे इंग्रज लोक घेतात याचं मला नवल वाटतं, असा त्याचा आशय. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या मुलीने बिशपला हे सुनवावं, याचा मला आजही आनंद होतो. रमाबाईंनी लिहून ठेवलं म्हणून ते आपल्याला कळलं.

लिहून ठेवण्यावरूनच मला खरं बोलायचंय. आपल्या बातम्यांत आधीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांचा उल्लेख 'एका प्रकरणावरून राजीनामा दिलेले' एवढाच येतो. ते प्रकरण असं. जॉन स्माइथ नावाचा नामांकित बॅरिस्टर, बड्या शाळांतल्या मुलांसाठी ख्रिस्ती शिबिरं भरवणारा. विंचेस्टरजवळच्या घराच्या बागेत एक शेड होती, तिथे तो पापाची शिक्षा म्हणून मुलांना वेताने रक्त येईपर्यंत मारायचा. १९८२ साली काही धर्मगुरूंनी चौकशी करून अहवाल लिहिला आणि तो आपल्यातच ठेवला. पोलिसांकडे कोणी गेलं नाही. १९८४ साली स्माइथ झिंबाब्वेला गेला, तिथेही शिबिरं भरवू लागला. १९९२मध्ये अशाच एका शिबिरात १६ वर्षांचा मुलगा तरणतलावात मृत सापडला. खटला उभा राहिला आणि बारगळला. मग स्माइथ दक्षिण आफ्रिकेत. चर्चच्या वरिष्ठांपर्यंत, वेल्बी यांच्यापर्यंतही, ही माहिती २०१३मध्ये पोचली. लोकांना कळलं २०१७मध्ये, तेही टीव्हीवाल्यांनी सांगितलं म्हणून. २०१८मध्ये तो केपटाउनला वारला. कुठल्याही न्यायालयाने त्याला शिक्षा केली नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये या प्रकरणाच्या चौकशीचा मेकिन अहवाल आला, त्यात शंभराहून अधिक बळी मोजलेत. त्या अहवालानंतर पाच दिवसांत वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला.

रुग्णालयात पाळी बदलताना आम्ही 'ओव्हर' देतो. सकाळी साडेसातला रात्रीची सिस्टर खाटेखाटेपाशी उभी राहून सांगते. सात नंबरला ताप आहे, नऊ नंबरची लघवी कमी झालीये, बारा नंबरला पेनिसिलिन चालत नाही. तोंडी सांगायचं आणि केसपेपरवर लिहायचंही. बारा नंबरचं लिहायचं राहिलं आणि पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवला, की तिथली सिस्टर निर्धास्तपणे इंजेक्शन भरणार. इंग्लंडने स्माइथला असाच दुसऱ्या वॉर्डात हलवला. केसपेपर कोरा ठेवून.

आशीर्वादाच्या प्रार्थनांवर सिनडमध्ये तासन् तास भाषणं झाली. गोऱ्या, काळ्या, सनातनी, उदार, सगळ्या बिशपांनी पत्रकं काढली. पण आर्चबिशपची खुर्ची गेली ती कोरा ठेवलेल्या केसपेपरवरून. फूट यावरून पडली असती तर मला समजलं असतं.

मलाली यांच्याकडूनही माझी अपेक्षा हीच, केसपेपर कोरा राहू नये; नर्स म्हणून तर जास्तच. त्या लंडनच्या बिशप असताना, २०२०मध्ये, त्यांनी एक प्रकरण कसं हाताळलं याविषयी तक्रार आली होती. कार्यालयीन चुकीमुळे ती पुढे सरकलीच नाही, असं चर्चने डिसेंबर २०२५मध्ये मान्य केलं. नंतर यॉर्कच्या आर्चबिशपांनी पुढे कारवाईची गरज नाही असा निर्णय दिला. असेल. पण पाच वर्षं एक कागद कुठल्या ट्रेमध्ये पडून होता, हे मला विचारावंसं वाटतं.

'साहेबांच्या चर्चचा मामला, आपल्याला काय त्याचं?' असं आमच्या मंडळीतले एक काका उपासनेनंतर म्हणाले. काय म्हणजे? १९७० साली नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन त्यात होतेच, बाप्टिस्टही होते आणि बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठं झाल्यावर, यावर दोन्ही चालेल असं ठरवून मंडळी एका छताखाली राहायला शिकली. आजही ते चर्च अँग्लिकन कुटुंबाचं पूर्ण सदस्य आहे. म्हणजे ते भांडण आपलंही, आणि तो केसपेपरही.

माझंच सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मंडळीच्या कमिटीवर होते. मंडळीचं नाव सांगत नाही. तिथल्या वसतिगृहातल्या मुलीने एका कार्यकर्त्याविरुद्ध तक्रार केली. ती मुलगी माझ्यासमोर बसून बोलली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. कमिटीत अर्धा तास चर्चा झाली, चहा झाला. इतिवृत्तात 'इतर विषय' एवढे दोन शब्द गेले. महिन्याभरात त्या माणसाची दुसऱ्या गावी बदली झाली. निरोपसमारंभात त्याला शाल दिली. त्या गावच्या कमिटीला काय सांगायचं, हा प्रश्न कोणी काढला नाही. मीही नाही. वॉर्डात जी चूक मी कुठल्या शिकाऊ मुलीला माफ केली नसती, ती मी तिथे बसून केली. त्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात मी दोनशे पानी रजिस्टर विकत आणलं, पानांवर आकडे घातले आणि आमच्या पाळकसाहेबांच्या हाती दिलं. कोणी तक्रार घेऊन आलं तर त्यात तारीख, वेळ आणि पुढे कोणाला कळवलं ते लिहायचं. पान फाडायचं नाही. पाळकसाहेब भले आहेत, ते 'हो' म्हणाले. रजिस्टर सध्या व्हेस्ट्रीच्या (पाळकांच्या झग्यांच्या आणि कागदपत्रांच्या खोलीच्या) कपाटात आहे. किल्ली सचिवांकडे असते आणि ते रविवारीच येतात.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिसेविका, पुणे