नावाचे चित्र की नावाचे लेखन?

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषकांनी माणसांच्या नावांसाठी जे पक्षी, साप आणि फुले रेखाटली, त्यांना चित्रे म्हणावे की लेखन, असे तू विचारले आहेस. माझ्या मते ते पूर्ण अर्थाने लेखन आहे, आणि त्याला सजावट समजणे म्हणजे ते लिहिणाऱ्यांवर अन्याय करणे होय.

इत्सकोआत्ल, म्हणजे ‘काळ्या काचेचा साप’, हे नाव घे. या नावाचा राजा १४२७ ते १४४० या काळात ॲझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान हिच्या गादीवर होता. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील कोडेक्स मेंडोसा या हस्तलिखितात त्याच्या नावासाठी एक साप काढला असून, त्याच्या अंगावर ज्वालामुखीच्या काळ्या काचेची पाती उभी आहेत. येथे अर्थ डोळ्यांना दिसतो. कोडेक्स व्हर्गारा या दुसऱ्या हस्तलिखितात मात्र हेच नाव लिहिताना सापाला पूर्णपणे वगळले आहे. तेथे काचेचे पाते ‘इत्स’साठी, मडके ‘को’साठी आणि पाणी ‘आत्ल’साठी येते. वस्तू निसर्गातल्या आणि घरातल्याच, पण त्यांच्याकडून काम घेतले आहे ते उच्चाराचे.

राजांपेक्षाही मला वेशोत्सिंकोची १५६० ची नोंदवही अधिक मोलाची वाटते. आजच्या पुएब्ला राज्यातल्या या भागातील हजारो कुटुंबप्रमुखांची डोकी तिच्यात ओळीने काढलेली आहेत, आणि प्रत्येकाला त्याचे नामचिन्ह जोडलेले आहे: कोणी गरुड, कोणी हरिण, कोणी फूल. बाप्तिस्म्याचे स्पॅनिश नाव मिळाल्यावरही जुने नाव टिकले, आणि करवसुलीशी निगडित कागदामुळे सामान्य शेतकऱ्याचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले, याचे मला फार समाधान वाटते.

मुलींच्या बाबतीत मात्र मन खट्टू होते. मोरेलोस भागातील त्याच शतकातल्या शिरगणत्यांत पुष्कळ स्त्रियांची नावे केवळ जन्मक्रमाची आहेत. थोरली ती तेयाकापान, धाकटी ती शोको. गरुड आणि हरिण बहुधा भावांच्या वाट्याला गेले.

वेशोत्सिंकोची नोंदवही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्या पानांची छायाचित्रे पाहशील तेव्हा शेजारी रोमन लिपीत लिहिलेले नाव आधी झाकून ठेव, चिन्ह स्वतः वाचण्याचा प्रयत्न कर, आणि मगच ताडून पाहा.

तुझा,
बाबा