कॉइलच्या सप्लायला अर्ध्याची वायर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पेट्रोल इंजिनच्या वायरिंग किटमधली कॉइल सप्लायची वायर

तुमच्या माणसाने आत्ता चौथ्यांदा फोन होल्डवर टाकून कापला, म्हणून लिहितोय. किट तुमचंच आहे, त्यात काय असतं ते सांगत बसत नाही. ठिणगी देणाऱ्या चार कॉइल आणि पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर, सगळ्यांच्या सप्लायला एकाच जाडीची लाल वायर, 0.5 स्क्वेअर एमएमची. कॅटलॉगमध्ये कॉइलला 1.5 छापलंय.

गिऱ्हाइकाच्या गाडीचं वायरिंग पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलं होतं, म्हणून तुमचं किट टाकलं. सपाट रस्त्याला गाडी ठीक. गायमुखच्या चढावर माणसं भरून तिसऱ्या गिअरला दाबली की मिसफायर, इंजिन अडखळतं. प्लग बदलले, दोन कॉइल बदलल्या. शेवटी वायर सोलली. आवरण जाड, आत तांबं बारीक.

हे सगळं सांगितल्यावर तुमचा तंत्रज्ञ म्हणतो, "सर, इंजेक्टरलाही बाराच व्होल्ट, कॉइललाही बाराच. मग वायर वेगळी कशाला?" मी विचारलं, करंटचं काय? इंजेक्टर 12 ओहमच्या आसपासचा, सव्वा अँपिअरच्या आत भागतं, त्याला अर्ध्याची पुरते. कॉइलची प्रायमरी, म्हणजे बॅटरीचा करंट घेणारं आतलं वेटोळं, जेमतेम अर्ध्या ओहमची. दोन-तीन मिलिसेकंदांत ती 7-8 अँपिअरवर जाते. तुमची वायर दर मीटर लांबीला 37 मिलिओहमची. सप्लायची तीन मीटर, परतीची अर्थिंगची तीन मीटर, म्हणजे 8 अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वायरीतच गेले. 1.5 च्या वायरीत साधारण 0.6 जातात. कॉइल पुरती भरत नाही, आणि लोडवर ठिणगीला जास्त जोर लागतो तेव्हाच कमी पडते. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, कमी व्होल्टेजची भरपाई करतो ती स्वतःच्या पिनवरचं व्होल्टेज बघून. या वायरीत गेलेलं त्याला दिसत नाही.

यावर तो म्हणाला, "मल्टीमीटरवर 13.5 आलं की वायर ओके." मी म्हटलं, मल्टीमीटर सरासरी दाखवतो. मी स्कोप, म्हणजे क्षणाक्षणाचं व्होल्टेज दाखवणारं यंत्र, लावलाय, प्रत्येक ठिणगीच्या आधी व्होल्टेज खाली बसतंय, फोटो तुमच्याकडेच पाठवलाय. तर मला म्हणतो, "गॅरेजमध्ये स्कोप? आम्ही फक्त ऑथोराइज्ड सेंटरचं रीडिंग धरतो." आणि पुन्हा होल्ड. बावीस वर्षं मी वागळे इस्टेटमध्ये गाड्यांचं वायरिंग करतोय. माझं रीडिंग चुकीचं असेल तर कुठे चुकलं ते सांगा. ते कोणीच सांगितलं नाही.

आणि त्या वायरीवर तुम्ही 20 अँपिअरचा फ्यूज दिलाय. फ्यूज वायर वाचवायला असतो. इथे कुठे अर्धवट शॉर्ट झालं तर फ्यूजच्या आधी वायर जळू शकते. गाडीत लहान मुलं बसतात हो. हे मी पहिल्या फोनपासून सांगतोय: कॅटलॉगमध्ये 1.5 आणि डब्यात 0.5.

नऊ वर्षं तुमचे रिले आणि कनेक्टर डोळे मिटून वापरले, दुसऱ्यांनाही घ्यायला लावले. त्याचं आता वाईट वाटतं.

किटचे, दोन कॉइलचे आणि माझ्या मजुरीचे पैसे 15 दिवसांत परत करा, आणि हे किट ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्यांना कळवा. नाहीतर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात अर्ज करतोय. सोललेली वायर, फ्यूज आणि बिल एका पिशवीत बांधून ठेवलंय.

एक गॅरेजमालक,
वागळे इस्टेट, ठाणे