प्रत्येक बँडने परत यायलाच हवे का?

जुन्या रॉक बँडच्या पुनरागमन दौऱ्यांवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. चाहत्यांच्या प्रेमाखातर अशा बँडने पुन्हा मंचावर यावे, हे त्यातले मत पटले नाही. अमेरिकेत जॉर्जियातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९८० मध्ये जमलेल्या 'आर. ई. एम.' या चौघांच्या रॉक बँडचा मी कॅसेटच्या काळापासूनचा चाहता. सुरुवातीच्या अल्बममध्ये गायक मायकेल स्टाइप यांचे शब्द धड कळतही नसत. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, ती गाणी पुन्हा पुन्हा लावावीशी वाटत. गाण्यांचे श्रेय चौघांच्या नावे समान ठेवण्याचा या बँडचा शिरस्ता होता. ड्रमर बिल बेरी १९९७ मध्ये बाहेर पडले. उरलेल्या तिघांनी २०११ मध्ये निरोपाचा दौराही न काढता काम थांबवले. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधील गीतकारांच्या सन्मान सोहळ्यात चौघे एकत्र वाजवताना दिसले, तेही एकाच गाण्यापुरते. दौरा काढला असता तर तिकिटे हातोहात खपली असती, हे उघड आहे. पण माझ्यासारख्याला त्यांचे १५ स्टुडिओ अल्बम पुरेसे आहेत. साठी ओलांडलेल्या कलावंतांनी आपल्या तारुण्याची उजळणी करून दाखवावी, ही मागणी चाहत्यांपेक्षा आयोजकांचीच अधिक वाटते.

– एक वाचक, ठाणे