विचाराधीन

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. लगेच उत्तर लिहायला बसलोही होतो, पण तुझं शेवटचं वाक्य आडवं आलं. ‘सरकार कुणाचंही येवो, सगळे चोर. मी आता मताला जाणार नाही.’ अण्णांच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेलं पत्र ते. तेव्हा वाद घालणं बरं दिसलं नसतं. आता घालतो.

अण्णांची पत्र्याची पेटी आठवते? नववीत असताना आपण ती चोरून उघडली होती. वर भूसंपादनाची नोटीस, खाली पर्यायी जमिनीसाठी केलेले अर्ज आणि प्रत्येक अर्जाला आलेलं उत्तर. उत्तरांत एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा, आणि अण्णांनी तो दरवेळी पेन्सिलीनं अधोरेखित केलेला: ‘विचाराधीन’. आपण केवढे हसलो होतो! मग वर्षभर गृहपाठ विचारला की आपलं उत्तर ठरलेलं, सर, विचाराधीन आहे. ते हसणं आता आठवलं की लाज वाटते.

पण त्या शब्दाची एक गंमत मला अलीकडे कळली. लोकसभेत शासकीय आश्वासन समिती नावाची एक समिती आहे, १९५३ पासून. मंत्री सभागृहात जे जे ‘करू’ म्हणतात त्याची ती नोंद ठेवते. कोणते शब्द आश्वासन धरायचे याची यादीच आहे, आणि ‘बाब विचाराधीन आहे’ हे त्या यादीत बसतं! ‘मी यात लक्ष घालीन’ हेसुद्धा. एकदा तसं बोलले की तीन महिन्यांत पूर्तता करायची, नाहीतर मुदत वाढवून मागायची. मुदतवाढी मागितल्या जातात, पुष्कळ मागितल्या जातात, ते सोड. मला मौज वाटली ती वेगळीच. ज्या शब्दानं अण्णांना आयुष्यभर टोलवलं, तोच शब्द सभागृहात उच्चारला की कर्ज होतो. अण्णांचा ‘विचाराधीन’ कारकुनाच्या पत्रात होता, म्हणून त्याला कुणी वही ठेवली नाही. एवढाच फरक.

तू म्हणशील, वहीनं काय होतं? बरोबर आहे. राज्यघटनेइतकी मोठी वही दुसरी नाही, आणि तिच्यातली तारीखही हुकली. मूळच्या ४५व्या कलमात लिहिलं होतं की घटना लागू झाल्यापासून १० वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. म्हणजे १९६० पर्यंत. शिक्षण मूलभूत हक्कांत आलं ते २००२ च्या घटनादुरुस्तीनं, कायदा झाला २००९ मध्ये, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, तोही ६ ते १४ वयापुरता. पन्नास वर्षं उशीर! सगळी मेख ‘प्रयत्न करील’ या दोन शब्दांत होती, कारण ते कलम मार्गदर्शक तत्त्वांतलं, आणि ती तत्त्वं घेऊन कुणाला कोर्टात जाता येत नाही, हे घटनेनंच ३७व्या कलमात सांगून ठेवलं होतं.

आणि कोर्टात गेलं तर? १९६८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारनं जाहीर केलं की नव्या कारखान्यांना तीन वर्षं विक्रीकर माफ. मोतीलाल पदमपत शुगर मिल्सनं त्यावर विसंबून वनस्पती तुपाचा कारखाना उभारला, आणि सरकार फिरलं. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये निकाल दिला: दिलेल्या शब्दावर भिस्त ठेवून माणसानं पाऊल उचललं असेल, तर सरकारला तो शब्द सहजी मागे घेता येणार नाही. वाचून मला आधी आनंद झाला, मग राग आला. कारखानदाराकडे सरकारचं पत्र होतं आणि वकील होता. अण्णांकडे नुसतंच पत्र. आणि त्यांनी उचललेलं पाऊल म्हणजे काय, तर सगळी बागायत सोडून मुलाबाळांसह पत्र्याच्या शेडमध्ये राहायला जाणं. त्यांचं गाव धरणात बुडालं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदासुद्धा नव्हता; पहिला झाला १९७६ मध्ये. कोयनेच्या लोकांचंही तेच.

एक कबूल करतो. मोडलेलं प्रत्येक वचन मला सारखंच टोचत नाही. संस्थानिकांचे तनखे घटनेनं हमी देऊन ठेवले होते, १९७१ मध्ये ते सव्विसाव्या दुरुस्तीनं बंद झाले. शब्द मोडलाच तो, पण मला त्याचं सुतक नाही. मात्र तो उघड मोडला, संसदेत मत घेऊन, कारण सांगून. अण्णांना कुणी कधी ‘जमीन देणार नाही’ असं म्हटलंच नाही. नुसतं म्हटलं असतं तरी त्यांनी दुसरी वाट धरली असती. नकार न देता माणसाला झुलवत ठेवायचं, यातली लबाडी मला मोडलेल्या शब्दापेक्षा जास्त वाईट वाटते.

आता तुझ्या ‘सगळे चोर’वर येतो. मित्रा, सगळे चोर म्हटलं की जो खरा चोर असतो तो सुटतो. त्याला बरंच वाटतं. गर्दीत मिसळता येतं. राजस्थानात १९९५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं होतं की गावातल्या विकासकामांच्या कागदांच्या नकला लोकांना मिळतील. वर्ष उलटलं, आदेश निघेना. मजदूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांचाही सरकारवर विश्वास नव्हता, तुझ्याइतकाच नव्हता. पण त्यांनी ‘सगळे चोर’ म्हणून घर नाही गाठलं. कुणी, कधी, कुठे, काय म्हटलं ते धरून एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरला धरणं धरलं, ४० दिवस. पुढे २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला त्याचं एक मूळ तिथं आहे. त्या कायद्यानं सुटत सगळंच नाही. ३० दिवसांचं उत्तर ९० दिवसांनी येतं, कधी ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं येतं. पण ‘आढळून येत नाही’ हेही कुणालातरी सही करून द्यावं लागतं, आणि त्यावर अपील होतं.

म्हणून अविश्वास सोड असं मी म्हणत नाही. उलट अण्णांसारखा ठेव, पेन्सिलीनं अधोरेखित करून. त्यांनी एकही कागद फेकला नव्हता, बघ. तुला वाटत होतं ते भोळे होते. मला आता वाटतं, भोळा माणूस पाकिटंसुद्धा जपून ठेवत नाही.

पुढच्या शनिवारी मी येतोय. पेटी माळ्यावरून खाली काढून ठेव, पण कागद चाळू नकोस, क्रम मोडेल. प्रत्येक उत्तराचा जावक क्रमांक आणि तारीख आपण एका वहीत उतरवू. शेवटच्या पत्रावर ज्या अधिकाऱ्याची सही आहे त्याच्या कार्यालयात पहिला अर्ज टाकू: हा विचार नक्की कुठल्या तारखेला सुरू झाला आणि सध्या कुठल्या टेबलावर आहे? अर्जावर सही तुझी. वारस तू आहेस.

काकूंना नमस्कार सांग. आणि चष्मा आठवणीनं घेऊन बस. अण्णांची पेन्सिल फार फिकी होती.

तुझाच,
बाकावरचा जोडीदार