सेक्रेटेरियटचा मोतद्दार

लेक्सिंग्टन, केंटकी

प्रिय मित्रा,

आप्पांचा गुडघा आता कसा आहे? ते हल्ली फारसे बाहेर पडत नाहीत, पण घोड्याचा विषय निघाला की उठून बसतात, असं तू मागे म्हणाला होतास. म्हणून हे पत्र लांबलचक लिहितोय. तू वाचून झालं की त्यांनाही मोठ्याने वाचून दाखव.

गेल्या रविवारी इथल्या केंटकी हॉर्स पार्कमध्ये गेलो होतो. तिथे सेक्रेटेरियट या अमेरिकेतल्या गाजलेल्या रेसच्या घोड्याचा ब्राँझचा पुतळा आहे. पाठीवर जॉकी रॉन टरकॉट, आणि खाली दोरी धरून चालणारा एडी स्वेट. हा एडी म्हणजे सेक्रेटेरियटचा मोतद्दार, त्याची रोजची देखभाल करणारा माणूस. अश्वारूढ पुतळे आपण लहानपणापासून चौकाचौकात पाहत आलोय, पण मोतद्दाराला सोबत उभं केलेला पुतळा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तिथून पाय निघेना. सारखे आप्पाच डोळ्यांसमोर येत होते, तेही मोतद्दारच ना.

तुला आठवतं ना, पावसाळ्यात पुण्याचा सीझन सुरू व्हायचा, मुंबईचे घोडे यायचे आणि आपण दोघं पहाटे आप्पांच्या मागे तबेल्यात जायचो. घोडा ट्रॅकवरून परत आला की आप्पा आधी खाली बसायचे. त्याच्या पुढच्या पायाच्या नळीवरून तळहात वरून खाली न्यायचे, मग हात उलटा करून बोटांची मागची बाजू टेकवायचे. कुठे ऊब लागतेय का, ते बघायचे. तेवढा वेळ आपल्याला बोलायची परवानगी नसायची. ऊब लागली तर आप्पा तडक ट्रेनरकडे जायचे, आणि त्या घोड्याचं दुसऱ्या दिवशीचं पळणं बंद.

आता सेक्रेटेरियटची गोष्ट सांगतो. तिची सुरुवात एका नाणेफेकीने होते. बोल्ड रूलर हा त्या काळातला नामांकित वळू घोडा, मालक ऑग्डन फिप्स. व्हर्जिनियातल्या मेडो फार्मच्या घोड्या त्याच्याकडे जायच्या. पैशाचा व्यवहार नाही, होणारी शिंगरं दोघांनी वाटून घ्यायची. पहिल्या वर्षी आधी कोणी निवडायचं, ते नाणं उडवून ठरणार, आणि हरणाऱ्याला दुसऱ्या वर्षी पहिली निवड. १९६९ साली नाणं उडालं. मेडो फार्मचा कारभार तेव्हा पेनी चेनरी या बाई बघत होत्या. त्या हरल्या. फिप्स यांनी समथिंगरॉयल नावाच्या घोडीची मादी शिंगरू घेतली, ती पुढे एकही रेस जिंकली नाही. दुसऱ्या वर्षी दोनपैकी एकच घोडी गाभण राहिली होती, तीच समथिंगरॉयल. म्हणजे बाईंच्या वाट्याला तिच्या पोटातलं, अजून न जन्मलेलं शिंगरू आलं. ३० मार्च १९७० ला ते जन्मलं. रंग तांबूस, कपाळावर चांदणी आणि तीन पाय पांढरे. चौथाही पांढरा असता तर आप्पांनी त्याला पंचकल्याणीत बसवला असता!

दोन वर्षांचा असतानाच तो १९७२ चा ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरला. ट्रेनर होते लुसियन लॉरिन. पण त्याला रोज खरारा करणारा, त्याच्या खुरांची माती काढणारा माणूस होता एडी स्वेट. दक्षिण कॅरोलिनातला गरीब कृष्णवर्णीय घरातला माणूस. घोडा कुठे पाठवायचा असला की एडी बरोबर. त्याच्याशी तो दिवसभर बोलत असायचा म्हणे. हे वाचलं आणि मला हसूच आलं, कारण आप्पाही घोड्यांशी घरच्यांपेक्षा जास्त बोलायचे, ही तुझ्या आईची कायमची तक्रार.

१९७३ ची केंटकी डर्बी. सव्वा मैलाची रेस. घोडा सुरुवातीला जोर लावतो आणि शेवटी थकतो, हा नियम आपण रेसकोर्सच्या कुंपणाला लटकून शिकलो. सेक्रेटेरियटने प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा लवकर कापला. पहिला २५.२ सेकंदांत, मग २४, मग २३.८, मग २३.४, आणि शेवटचा २३ मध्ये. मी हे आकडे कागदावर एकाखाली एक मांडून पाहिले. सव्वा मैल पळत असताना शेवटपर्यंत त्याचा वेग वाढतच होता. एकूण १ मिनिट ५९.४ सेकंद. डर्बीत दोन मिनिटांच्या आत आलेला तो पहिला घोडा, आणि तो विक्रम आजही तसाच आहे.

त्याच्या मागे दुसरा आला तो शॅम. मला शॅमचं फार वाईट वाटतं. सुरुवातीलाच गेटवर डोकं आपटून त्याचे दात हलले होते, तरी तो फक्त अडीच लेंग्थ, म्हणजे अडीच घोड्यांच्या लांबीएवढा मागे होता. प्रीकनेस या पुढच्या मोठ्या रेसमध्येही तोच दुसरा. दुसऱ्या कुठल्याही वर्षी जन्मला असता तर आज त्याचं नाव लोकांच्या तोंडी असतं.

ट्रिपल क्राऊन म्हणजे डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही रेस एकाच वर्षी, पाच आठवड्यांत. १९४८ मध्ये सायटेशनने त्या जिंकल्या, त्यानंतर पंचवीस वर्षं कुणालाच जमलं नव्हतं. ९ जून १९७३ ला न्यूयॉर्कला बेलमाँट. दीड मैल, फक्त पाच घोडे. सेक्रेटेरियट आणि शॅम सुरुवातीपासूनच असे सुटले की जाणत्यांना वाटलं, दोघंही स्वतःला जाळून घेतायत. झालंही तसंच, पण फक्त शॅमचं. मागच्या सरळ पट्ट्यातच त्याचा दम संपला आणि तो शेवटचा आला. सेक्रेटेरियट एकटाच पुढे जात राहिला. शेवटच्या वळणानंतर मागे कुणी दिसेनासं झालं, तेव्हा टरकॉटने मान वळवून घड्याळाचा फलक बघितला. ते फिल्ममध्ये स्पष्ट दिसतं, मी कितीतरी वेळा पाहिलंय. ३१ लेंग्थ! वेळ २ मिनिटं २४ सेकंद. पन्नासहून जास्त वर्षं झाली, धुळीच्या ट्रॅकवर दीड मैल त्यापेक्षा लवकर कुणी पळालेलं नाही. त्याच्यावर लावलेल्या दोन डॉलरच्या पैजेच्या तिकिटाला दोन डॉलर वीस सेंट मिळणार होते, पण तो जिंकेल यावर लावलेली ५,६१७ तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत, आठवण म्हणून जपून ठेवली.

तो हरलाही, हे सांगायला हवं. बेलमाँटनंतर दोनच महिन्यांत साराटोगाला ओनियन नावाच्या घोड्याने त्याला हरवलं. डर्बीच्या आधी वुड मेमोरियल या रेसमध्ये तो तिसरा आला, कारण तोंडात गळू झालं होतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याला पॅरिस नावाच्या गावी, क्लेबोर्न फार्मवर पोचवलं. हे पॅरिस इथून अर्ध्या तासावर आहे. विमानात एडी बरोबर होता. घोडा दुसऱ्यांच्या ताब्यात देऊन तो परत फिरला तेव्हा रडत होता. एडी १९९८ मध्ये गेला. जगातला सर्वांत गाजलेला घोडा सांभाळलेल्या या माणसाच्या गाठीशी शेवटी फारसे पैसे नव्हते. हे मला सहन होत नाही. आप्पांना निवृत्तीच्या वेळी काय मिळालं होतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

सेक्रेटेरियटला १९८९ साली लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आत दाह होणारा आजार झाला. वेदना थांबेनात म्हणून ४ ऑक्टोबरला त्याला कायमचं झोपवलं. इथे नामवंत घोड्याचंही सहसा डोकं, हृदय आणि खूरच पुरतात. त्याला अख्खा पुरला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या अंदाजाने त्याचं हृदय २२ पौंडांचं, म्हणजे जवळजवळ दहा किलोचं होतं, नेहमीच्या घोड्याच्या दुपटीहून मोठं. ते तराजूवर कधी ठेवलंच नाही, त्यामुळे हा अंदाज समज. पण अनुभवी डॉक्टरचा.

हॉर्स पार्कमध्ये आणखी एक थोरला पुतळा आहे, मॅन ओ’ वॉरचा. त्याच्याखालीच त्याला पुरलंय. १९१८ साली साराटोगाच्या लिलावात पाच हजार डॉलरला विकला गेलेला हा घोडा २१ पैकी २० रेस जिंकला. एकच हरला, आणि जिंकणाऱ्या घोड्याचं नाव होतं अपसेट! अनपेक्षित पराभवाला अपसेट म्हणतात ते त्यावरून, असं इथले लोक सांगतात, पण तो शब्द खेळांत आधीपासूनच वापरात होता. मॅन ओ’ वॉरचा मोतद्दार विल हार्बट. घोडा बघायला येणाऱ्या माणसांना तो त्याची कहाणी अशी रंगवून सांगायचा की माणसं दोघांनाही बघायला यायची. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये हार्बट गेला. त्याच्या मृत्यूच्या बातमीत मागे राहिलेल्यांत बायकोमुलांच्या जोडीने मॅन ओ’ वॉरचंही नाव छापून आलं. महिनाही उलटला नाही, १ नोव्हेंबरला घोडा गेला. त्याची अंत्ययात्रा रेडिओवरून ऐकवली गेली.

त्याच्या शेजारी आयझॅक मर्फीची कबर आहे. हा कृष्णवर्णीय जॉकी, तीन डर्बी जिंकलेला, १८८४, १८९० आणि १८९१. १८७५ च्या पहिल्या डर्बीत पंधरापैकी तेरा जॉकी कृष्णवर्णीय होते, जिंकलेल्या अ‍ॅरिस्टिडीजचा ट्रेनर तर आधी गुलाम होता. नंतर त्यांना या धंद्यातून रेटून बाहेर काढलं. १९०२ नंतर एकही कृष्णवर्णीय जॉकी डर्बी जिंकलेला नाही. मर्फीची कबर शहरातल्या एका स्मशानात विस्मरणात पडली होती. ती शोधून १९६७ मध्ये मॅन ओ’ वॉरच्या तेव्हाच्या कबरीशेजारी नेली, आणि पुढे दोघांनाही या पार्कमध्ये आणलं. मी तिथे गेलो तेव्हा मॅन ओ’ वॉरपाशी गर्दी होती. मर्फीपाशी मी एकटाच उभा होतो.

आप्पा विचारतील, तिकडे घोडे नीट सांभाळतात का? खरं सांगायचं तर नेहमी नाही. २०२३ च्या डर्बीच्या सुमारास चर्चिल डाउन्स या डर्बीच्या ट्रॅकवर बारा घोडे मेले, आणि रेसिंग दुसऱ्या ट्रॅकवर हलवावं लागलं. पहाटे कीनलँड या इथल्या रेसकोर्सवर सराव बघायला कधी कधी जातो. तबेल्यातले मोतद्दार आता बहुतेक मेक्सिको, ग्वाटेमालाचे, आपसात स्पॅनिश बोलणारे. परवा त्यांच्यातला एकजण घोड्यापाशी खाली बसला आणि नळीवरून हात फिरवून मग उलटा करून बोटं टेकवली. अगदी तस्संच.

सोबत फोटो पाठवतोय. त्यातला एक फक्त एडीच्या हातांचा आहे, जवळून काढलेला. ताकदीचा घोडा चालवताना दोरी अशीच धरतात का, ते आप्पांना विचार. ते जे म्हणतील ते शब्दन् शब्द मला कळव.

आप्पांना आणि आईंना नमस्कार.

तुझाच