पहिला क्रमांक, पण कोणत्या मोजणीने?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखादा नवा अल्बम अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या ‘बिलबोर्ड २००’ या अल्बमांच्या साप्ताहिक यादीत पहिला आल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांच्या मनोरंजन पानांवर नियमित येतात. संगीताला जागा मिळते याचा मला आनंदच आहे. मात्र त्या बातम्यांत ‘आठवड्यात सर्वाधिक विकला गेलेला’ असे सरसकट लिहिले जाते, ते वस्तुस्थितीला धरून नाही.

ही यादी २०१४ च्या डिसेंबरपासून निव्वळ विक्रीवर ठरत नाही. अल्बममधील गाणी स्ट्रीमिंगवर एकूण १,५०० वेळा ऐकली गेली किंवा त्यातील १० गाणी सुटी विकत घेतली गेली, तर एक अल्बम खपला असे धरण्याचा नियम तेव्हा झाला. २०१८ मध्ये पैसे भरून ऐकणारे आणि जाहिरातींसह फुकट ऐकणारे असा भेद करून अनुक्रमे १,२५० आणि ३,७५० ही प्रमाणे ठरली. त्यामुळे बातमीतील लाखांचा आकडा ही प्रत्यक्ष विक्री आणि श्रवण यांची बेरीज असते.

मोजणी बदलली की शिखरावरचे नावही बदलते, याचा सर्वांत बोलका दाखला १९९१ चा आहे. तोपर्यंत कोणत्या ध्वनिमुद्रिकांना मागणी आहे हे दुकानदारांना विचारून यादी तयार होई आणि तीत त्यांच्या अंदाजाला व आवडीनिवडीला वाव राही. त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘साउंडस्कॅन’ ही गल्ल्यावरील बारकोडच्या नोंदीवर चालणारी पद्धत आली आणि रॅप व कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजलेले) संगीत झपाट्याने वर सरकले. जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. हा रॅप गट, तर सप्टेंबरमध्ये कंट्री गायक गार्थ ब्रुक्स पहिल्या स्थानी पोहोचला; ब्रुक्सचा अल्बम तर यादीत आला तोच पहिल्या क्रमांकावर, आणि कंट्री संगीतात असे प्रथमच घडले. या संगीताचे ग्राहक आधीही होते, फक्त त्यांची नीट मोजदाद होत नव्हती. माझ्या मते हा त्या श्रोत्यांवर दीर्घकाळ झालेला अन्यायच होता.

आजच्या पद्धतीतही पळवाटा आहेत. एकच अल्बम निरनिराळ्या मुखपृष्ठांत आणि निरनिराळ्या रंगांच्या तबकड्यांवर काढला जातो, आणि एकाच चाहत्याने घेतलेल्या अनेक प्रती विक्रीत धरल्या जातात. टी-शर्ट किंवा कार्यक्रमाच्या तिकिटासोबत दिलेला अल्बम मोजण्यावर बिलबोर्डलाच २०२० च्या ऑक्टोबरपासून कडक बंधने घालावी लागली.

शिवाय पहिल्या क्रमांकावरून अल्बमचे आयुष्य कळत नाही. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक गटाचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ मध्ये अमेरिकेत जेमतेम एक आठवडा शिखरावर होता. पण १९८८ पर्यंत त्याने यादीत एकूण ७४१ आठवडे काढले.

म्हणून आपणास विनंती आहे की, अशा बातमीत प्रत्यक्ष विक्री किती आणि स्ट्रीमिंगचा वाटा किती, हे दोन आकडे वेगळे द्यावेत. बिलबोर्ड आपल्या साप्ताहिक वृत्तात ही फोड देत असल्याने ते मिळवणे अवघड नाही. अल्बम यादीत किती आठवडे टिकून आहे, हेही जागा असेल तेव्हा जरूर छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली